लाव्यांचं गोत्र

बाईंनी माझी मुलाखत घेतली तेव्हा मला एकही प्रश्न विचारला नाही. पक्ष्यांच्या ग्रंथींवरचं अर्धं पुस्तक पाठ करून, दीड दिवसाचा प्रवास करून मी अकोल्याहून बनारसला पोचले होते. प्रयोगशाळेत शिरले, तर बाईंनी मान वर न करता एक लावा माझ्या हातात ठेवला. लावा म्हणजे मुठीत मावणारा तपकिरी, ठिपकेदार पक्षी. बनारसमध्ये त्याला बटेर म्हणतात. "धर," एवढंच म्हणाल्या आणि त्यांनी वर्तमानपत्र उघडलं. पक्षी थरथरत होता आणि मी त्याच्याहून जास्त. त्याने माझ्या अंगठ्याला दोनदा चोच मारली, नव्या कुर्त्यावर घाण केली. बाई निवांत अग्रलेख वाचत होत्या. पाऊण तासाने उठून त्यांनी पक्ष्याच्या छातीवर दोन बोटं ठेवली.

"तुझी धडधड थांबली, म्हणून याची थांबली," त्या म्हणाल्या. "उद्यापासून ये. घाबरलेल्या पक्ष्याच्या अंगातून काही खरं निघत नाही, बिटिया."

पाठ केलेल्या पुस्तकातलं पुढे कुणीच काही विचारलं नाही, याचं मला बरेच दिवस वाईट वाटत होतं.

बाई मंगला गौरीच्या गल्लीत राहत. घराणं पुरोहितांचं, काही पिढ्यांपूर्वी कोकणातून येऊन बनारसचं झालेलं. वडील वेद शिकवत आणि मुलगी विद्यापीठात पक्ष्यांची प्लीहा कापते, हे शेजाऱ्यांना सांगताना ते नुसतंच 'प्रोफेसर आहे' असं म्हणत. बाईंनी लग्न केलं नव्हतं. बुटक्या, सडसडीत, सुती साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. घाटाच्या पायऱ्यांवर चपला दगा देतात असं त्यांचं म्हणणं. दोन्ही मनगटांवर घड्याळं. उजव्या हाताचं आपलं, जगाचं. डाव्या हाताचं लाव्यांचं. लाव्यांच्या खोलीतले दिवे आमच्या प्रयोगाप्रमाणे लागत आणि मालवत, त्यामुळे तिथली सकाळ कधीकधी आमच्या दुपारी उजाडे. आम्ही जोरात हसलो, की बाई डावं मनगट पुढे करत: "आत्ता रात्र आहे त्यांची. जरा तरी शरम करा."

लाव्यांशी त्या भोजपुरीत बोलत. "का हो, सब ठीक बा?" असं म्हणत पिंजऱ्यांवरून फिरत. मी एकदा भोळेपणाने विचारलं, यांच्याशी मराठीत का नाही बोलत? "बनारसचे आहेत ते," बाई म्हणाल्या, "त्यांना मराठी कशी समजणार?" मराठी त्यांनी आम्हाला रागावण्यासाठी राखून ठेवली होती. त्यातही रागाला पुरेसे मराठी शब्द मिळाले नाहीत, की हिंदीची कुमक यायची.

बाईंचा विषय काय, हे सांगायला लागलं की ऐकणारे हवापाण्याचं बोलू लागतात. मी थोडक्यात सांगते. पक्ष्याच्या शेपटीच्या मुळाशी, शरीराच्या आत, एक छोटी पिशवी असते. तिला बर्सा म्हणतात. रोगाशी लढणाऱ्या काही पेशी तिथे तयार होतात, शिकतात आणि मग अंगभर पसरतात. त्या पिशवीच्या आत बारीक बारीक गोल दाणे असतात. पेशींचं शिक्षण चालतं ते या दाण्यांत. आता या दाण्यांपर्यंत मज्जातंतू पोचतात का, आणि पोचले तर पेशींना निरोप कसा देतात, यात बाईंचं आयुष्य गेलं. निरोप देणारा असतो नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू.

हे सगळं मी एकदा एका वाक्यात सांगण्याचा प्रयत्न करत होते, तेव्हा बाईंनी माझं वाक्य अर्ध्यात तोडलं. विभागात कुणी बडे साहेब पाहणीला आले होते आणि त्यांना काही कळत नव्हतं. "आपके घर में हींग का छौंक लगता है न?" बाईंनी विचारलं. "माजघरात बसलेल्या माणसाला कळतं की नाही, की स्वयंपाकघरात फोडणी पडली? कुणी सांगायला येत नाही. वास भिंतीतून येतो, क्षणात येतो, क्षणात जातो. डब्यात भरून ठेवता येत नाही. हा वायू तसा." मध्येच भाषा बदलली आहे हे त्यांच्या ध्यानात नव्हतं, आणि गंमत म्हणजे साहेबांच्याही नव्हतं. ते खूश होऊन गेले.

वायू डोळ्यांना दिसत नाही. म्हणून आम्ही ग्रंथीचे पातळ छेद घेऊन त्यावर असा रंग करायचो, की ज्या पेशींत हा वायू बनतो त्या निळ्या दिसाव्यात. बाईंच्या भाषेत, "फोडणी नाही दिसत आपल्याला. कढई दिसते."

बाईंच्या टेबलामागच्या भिंतीवर एक फोटो चौकटीत लावलेला होता. इतरांच्या भिंतीवर देव असतात किंवा पदवीदान समारंभ; बाईंच्या भिंतीवर बर्साचा छेद होता. फिकट पार्श्वभूमीवर एक गोल दाणा आणि बाहेरून थेट त्याच्या पोटात शिरलेली, मण्यांच्या सरीसारखी एक निळी रेघ. मज्जातंतू दाण्याच्या आत जातो, पेशींशी समोरासमोर बोलतो, हे त्या रेघेने दाखवलं होतं. तो बाईंचा तरुणपणीचा शोध. परदेशातले लोक त्या चित्राचा हवाला देत. माझा प्रबंधही त्या रेघेच्या पुढे सुरू होणार होता: तंतू आत तर जातो, मग आत जाऊन काय करतो?

शनिवारी सकाळी नाठाळांचा ट्रे निघायचा. आठवडाभरात ज्या स्लाइड बिघडल्या, ज्यांनी अपेक्षेप्रमाणे रंग घेतला नाही, ज्या पुस्तकाशी भांडल्या, त्या सगळ्या एका लाकडी ट्रेमध्ये ठेवायच्या, असा नियम होता. चांगल्या स्लाइड बाई कधीमधी पाहत. नाठाळ मात्र एकही चुकवत नसत. प्रयोगशाळेत काम करणारे चौबेजी गरम कचौडी-जिलेबी आणायचे. बाहेरच्या व्हरांड्यात ती खायची, हात साबणाने दोनदा धुवायचे, मग सूक्ष्मदर्शकाशी बसायचं. "शहाणी स्लाइड तुला मालूम असलेलंच सांगते," बाई म्हणत. "या नाठाळांना विचार." नाठाळ लपवणं हा आमच्याकडे एकच गुन्हा होता. उशिरा येणं, काचा फोडणं, अगदी पक्षी उडवणंसुद्धा माफ होतं. पक्षी मी एकदा उडवला होता. चौबेजींनी तो रेक्टरसाहेबांच्या बंगल्याच्या कुंपणातून धरून आणला.

आता बाईंच्या सगळ्यात मोठ्या विक्षिप्तपणाकडे येते.

सर्वपित्री अमावास्येला बाई पंचगंगा घाटावर लाव्यांचं तर्पण करत. वर्षभरात प्रयोगासाठी जेवढे पक्षी गेले, त्या सगळ्यांचं, आणि काही जुन्यांचंही. घाटावर विधी सांगायला त्यांचे चुलतभाऊ असत, आबागुरुजी. पहिल्या वर्षी मी छत्री आणि वही धरायला म्हणून गेले. घाटावर गर्दी मावत नव्हती, आबागुरुजींचे इतर यजमान रांगेत उभे होते आणि इथे बाई वही उघडून एकेका पक्ष्याचा क्रमांक वाचत होत्या. क्रमांक वाचायचा, त्या पक्ष्याने काय शिकवलं ते सांगायचं आणि तीळ घातलेलं पाणी सोडायचं. "क्रमांक सतरा. तू सांगितलंस, की थंडीत मानेतली ग्रंथी फुगते." "क्रमांक अठरा. तू काहीच सांगितलं नाहीस, कारण माझ्या विद्यार्थिनीने रंग जुना वापरला. तिला क्षमा कर." ती विद्यार्थिनी मी. छत्रीच्या आड तोंड लपवलं.

आबागुरुजींनी हे कसं चालवून घेतलं, असं मी त्यांना विचारलं. ते हसले. "पहिल्यांदा आली ना ताई, तेव्हा मी म्हटलं, संकल्पात गोत्र लागतं. बटेरचं गोत्र काय सांगू? तर मलाच म्हणते, ज्याचं गोत्र मालूम नाही त्याचं काश्यप, हे तूच यजमानांना सांगतोस ना? आणि पक्षी तर कश्यप ऋषींचेच. विनतेची मुलं. पुराण काढून बघ. शास्त्रानेच तोंड बंद केलं तिने माझं."

मला तेव्हा हे सगळं थोडं हास्यास्पद वाटलं होतं, हे कबूल करते. घरी फोन करून मी आईला ते नकला करून सांगितलं होतं.

तिसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात ते घडलं. मज्जातंतू ओळखण्याचं एक नवं रसायन विभागात आलं होतं. ते फक्त तंतूंनाच चिकटतं आणि विशिष्ट उजेडात हिरवं चमकतं. बाईंच्या निळ्या रेघेला हिरवी जोड द्यावी, म्हणजे प्रबंधात दोन रंगांचं देखणं चित्र येईल, असा माझा हिशेब. एकाच पक्ष्याचे लगतचे दोन छेद घेतले. एकावर निळा रंग, दुसऱ्यावर हिरवा. निळी रेघ दाण्याच्या आत गेली होती, अगदी चौकटीतल्यासारखी. हिरवा तंतू दाण्याच्या कडेपर्यंत आला आणि थांबला. आत सगळा अंधार.

पक्षी क्रमांक त्रेसष्ट.

मी पुन्हा केलं. पुन्हा तेच. दाण्यात शिरलेली निळी रेघ मज्जातंतूची नव्हती. मग कशाची, याचं उत्तर मला ठाऊक होतं. हा वायू रक्तवाहिन्यांच्या अस्तरातही बनतो. केसासारखी बारीक रक्तवाहिनीही निळी दिसते. पक्ष्यांच्या तांबड्या पेशी लांबट आणि फुगीर. त्या एकामागे एक अडकल्या, की रक्तवाहिनीही मण्यांच्या सरीसारखी दिसू शकते. बाईंच्या आयुष्याचं चित्र चुकीचं असण्याची शक्यता होती, आणि त्यावर उभा असलेला माझा प्रबंधही त्याच्याबरोबर जाणार होता.

त्या शनिवारी मी त्या दोन्ही स्लाइड ट्रेमध्ये ठेवल्या नाहीत. पुढच्याही नाही. मिठाईच्या रिकाम्या डब्यात कापसात गुंडाळून त्या मी माझ्या कपाटात, पुस्तकांच्या मागे ठेवल्या. दोन महिने बाई मला लिहायला लावत होत्या आणि मी त्या रेघेबद्दल पानंच्या पानं लिहीत होते. मला स्वतःची इतकी शिसारी कधी आली नव्हती. आपण बाईंना दुःख होऊ नये म्हणून हे करतोय, अशी मी मनाची समजूत घातली होती. खरं तर मला माझी तीन वर्षं वाचवायची होती.

श्रावणातल्या एका शनिवारी बाई कचौडी खाता खाता म्हणाल्या, "तुझे लावे आजकाल फार शहाणे झालेत. दोन महिने एकही नाठाळ नाही. असं होत नाही, बिटिया." एवढंच. मी उठले, कपाटातून डबा आणला आणि दोन्ही स्लाइड ट्रेमध्ये ठेवल्या.

बाई सूक्ष्मदर्शकाशी बसल्या. निळी पाहिली, हिरवी पाहिली, परत निळी. मी त्यांच्या मानेकडे बघत उभी होते. डोळे न उचलता त्यांनी विचारलं, "कधीची आहे?"

"ज्येष्ठातली."

बाई ताडकन उठल्या. "बेशरम!" त्या ओरडल्या. "निघ इथून. स्लाइड वाईट आली तर चालतं. तू वाईट निघालीस!" चौबेजींच्या हातातली किटली डुचमळली. मी रडत वसतिगृहावर गेले आणि पेटी भरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी चौबेजी बोलवायला आले. मी परत गेले खरी, पण बाई लगेच मानल्या असं कुणी समजू नये. त्या रेघेसाठी त्या भांडल्या. छेद जाड आहे म्हणाल्या, मी पातळ केले. रसायन बिघडलं असेल म्हणाल्या, मी ताजं आणवलं. प्रत्येक वेळी हिरवा तंतू कडेला थांबायचा. बाई माझ्याशी कामापुरतं बोलत. एकदा लाव्यांच्या खोलीत त्या पिंजऱ्याला टेकून नुसत्याच उभ्या दिसल्या, भोजपुरीतलाही एक शब्द नाही.

मग एका सकाळी त्या म्हणाल्या, "शाई आण."

जुनी पद्धत आहे. बेशुद्ध केलेल्या पक्ष्याच्या रक्तवाहिन्यांमध्ये काळी शाई सोडायची. शाई फक्त रक्ताच्या वाटेनेच जाते. मग निळा रंग करायचा. निळी रेघ तंतूची असेल तर निळीच राहील. रक्तवाहिनीची असेल तर तिच्या पोटात काळं दिसेल. बाईंनी ते काम मला करू दिलं नाही. स्वतः केलं.

छेद तयार झाला. आधी त्यांनी पाहिलं. मग खुर्ची सरकवून मला जागा दिली. दाण्यात शिरलेली सुंदर निळी रेघ, आणि तिच्या आत टोकापर्यंत काळी शाई.

"हे तेव्हाच करायला हवं होतं," बाई म्हणाल्या. "सोचलं होतं मी. शाईची बाटली टेबलावर होती. पण रेघ एवढी सुंदर दिसत होती, की तिच्यात काळं घालावंसं नाही वाटलं मला." त्यांनी पदराने चष्मा पुसला आणि तो परत घातलाच नाही. "सुंदर दिसली म्हणून विचारलं नाही तिला."

मला रडू आलं. बाई मात्र थोड्या वेळाने खुदकन हसल्या. "अगं पण वेडे, फोडणीचा वास यायला स्वयंपाकघर माजघरात आणावं लागतं का? तंतू उंबरठ्यावर थांबला तर थांबला. वायू तर आत जाईल! जात असेल की नाही, ते आता तू शोध. तुझा प्रबंध आत्ता सुरू झाला."

त्याच आठवड्यात त्या चित्राचा लेख ज्या नियतकालिकात छापून आला होता, त्याला त्यांनी पत्र लिहिलं: चित्रातील रेघ मज्जातंतू नसून रक्तवाहिनी आहे, चूक माझी आहे, ती माझ्या विद्यार्थिनीने दाखवली. विभागातले एक ज्येष्ठ सहकारी समजवायला आले. निवृत्तीला दोन वर्षं उरलीत, एवढं जुनं कोण उकरणार आहे, कशाला हात घालता? बाईंनी त्यांना चहा पाजला. "कुठेतरी कुणी मुलगी त्या चित्राच्या भरवशावर आपली चार वर्षं घालवत असेल," त्या म्हणाल्या. "तिला कोण सांगणार?" पुढे पत्र छापून आल्यावर एका परिषदेतलं बाईंचं भाषण रद्द झालं. बाईंनी त्या तारखेला सुट्टी टाकली नाही, नेहमीसारख्या आल्या आणि लाव्यांचं पाणी बदललं. फोटो त्यांनी भिंतीवरून उतरवला नाही. काचेवर कागदाची पट्टी चिकटवली: 'ही रक्तवाहिनी आहे.' खाली सही.

त्या वर्षीची सर्वपित्री आली. घाटावर पोचलो आणि नेहमीप्रमाणे बाईंच्या पिशवीतून दोन वह्या निघाल्या. एक यंदाची. दुसरी जुनी, लाल कापडात शिवलेली. त्या चित्राच्या वेळचे बावीस पक्षी तिच्यात होते. त्यांचं तर्पण बाई दर वर्षी सगळ्यात आधी करत, आणि दर वर्षी त्यांना एकच वाक्य सांगत: तुम्ही सांगितलंत, की तंतू आत जातो.

बाई पाण्यात उतरल्या. आबागुरुजींनी संकल्प सांगितला, काश्यप गोत्र म्हटलं आणि थांबले. बाईंनी वही उघडली, पण वाचलं नाही. बावीस क्रमांक त्यांना पाठ होते.

"तुम्ही खरंच दाखवलं होतं," बाई म्हणाल्या. "बघण्यात माझी गलती झाली. इतकी वर्षं तुमच्या नावावर मी खोटं सांगत आले. तुमचा जीव मी वाया घालवला असता, या पोरीने नाही जाऊ दिला."

मग एकेकाचा क्रमांक घेऊन त्यांनी बावीस वेळा पाणी सोडलं. मागे यजमान खोळंबले होते. आबागुरुजी एरवी दर दोन मिनिटांनी "चल ताई, चल" करत. त्या दिवशी त्यांनी घाई केली नाही.

शेवटी बाई माझ्याकडे वळल्या. "छत्री ठेव. ये खाली. तुझे तू कर."

"हिचे वडील हयात आहेत ना गं ताई?" आबागुरुजी कुजबुजले. "तर्पण कसं करेल?"

"वडिलांचं नाही करत ती," बाई म्हणाल्या. "तिच्या लाव्यांचं करतेय."

पाणी थंड होतं. बाईंनी माझ्या ओंजळीत तीळ घातले. यंदाची वही त्यांनी माझ्यासमोर उघडी धरली आणि मी क्रमाने वाचत, पाणी सोडत गेले. त्रेसष्टपाशी आले, तेव्हा बाईंनी वही मिटून आबागुरुजींकडे दिली.

"क्रमांक त्रेसष्ट," मी म्हणाले. "तू सांगितलंस, की तंतू उंबरठ्यावर थांबतो. मी ऐकलं होतं. दोन महिने मी तुला मिठाईच्या डब्यात लपवून ठेवलं."

बाईंनी माझ्या ओंजळीखाली आपली ओंजळ धरली, आणि आम्ही दोघींनी मिळून पाणी सोडलं.